जुन्याला हात न लावता



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते बांधकामाचा विषय शिकवताना फळ्यावर आधी जमीन काढायचे आणि मग इमारत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. म्हणून आज ज्यांच्याविषयी बोलायचं ठरवलं, ते नॉर्वेचे वास्तुविशारद स्वेरे फेन त्यांना आवडले असते, असं मी धरून चाललो आहे. त्यांच्याविषयी खानदेशातल्या श्रोत्यांना का ऐकवायचं, हे शेवटाकडे आपोआप कळेल.

सुरुवात १९९७ च्या मे महिन्यापासून करू. स्पेनमधलं बिल्बाओ शहर. फ्रँक गेरी यांचं गुगेनहाइम संग्रहालय पूर्ण होत आलं होतं. लोकांसाठी ते ऑक्टोबरात उघडायचं होतं. टायटॅनियमच्या पत्र्याची वळणं घेतलेली ती इमारत पुढे जगभर गाजली, आणि आपल्याही शहरात असं काहीतरी डोळ्यांत भरणारं हवं, असा हट्ट अनेक महापौरांनी धरला. त्या अर्धवट संग्रहालयात त्या वर्षीच्या प्रित्झकर पुरस्काराचा समारंभ झाला. वास्तुकलेतला हा सर्वांत मोठा मान. तो घ्यायला जे गृहस्थ उभे राहिले, ते बहात्तर वर्षांचे होते. त्यांनी उभ्या आयुष्यात बांधलेल्या इमारतींची यादी एका पानात मावली असती, आणि त्यांतल्या बऱ्याचशा अशा गावांत होत्या की ज्यांची नावं नॉर्वेबाहेर फारशी कुणी ऐकली नव्हती. तमाशाची वास्तुकला जिथे जन्म घेत होती, त्याच छताखाली तिच्या अगदी उलट टोकाच्या माणसाचा सत्कार झाला. परीक्षकांनी हा योग मुद्दाम जुळवला नसणार, पण जुळला खरा.

फेन यांचा जन्म १४ ऑगस्ट १९२४ चा, कोंग्सबर्गचा. हे चांदीच्या खाणींचं जुनं गाव. ते शिकायच्या वयात आले तेव्हा देश जर्मनांच्या ताब्यात होता. युद्धापूर्वी नॉर्वेत वास्तुकला शिकायची तर ट्रॉन्हाइम गाठावं लागे. युद्ध संपलं तेव्हा ज्यांचं शिक्षण खोळंबलं होतं अशा तरुणांसाठी ओस्लोत तातडीचा एक अभ्यासक्रम काढला गेला. फेन त्यातून १९४९ साली बाहेर पडले. सोय म्हणून काढलेला तो वर्ग पुढे ओस्लोची वास्तुकला शाळा झाला, आणि तिथेच फेन प्राध्यापक झाले. त्यांचे गुरू आर्ने कोर्स्मो हे आधुनिकतेचे खंदे पुरस्कर्ते. ते, फेन, सिद्धान्तकार क्रिस्तियन नोरबर्ग-शुल्झ आणि पुढे सिडनीच्या ऑपेरा हाउसमुळे नाव झालेले डेन्मार्कचे यॉर्न उत्झोन ही सगळी मंडळी १९५० च्या सुमाराला पागोन नावाच्या एकाच गटात होती. गट लवकरच विस्कटला. पण गुरूशी फेन यांचं नातं असं टिकलं की स्वतः राहायला त्यांनी घेतलं ते कोर्स्मो यांनी १९३० च्या दशकात ओस्लोत बांधलेलं व्हिला डामान. दुसऱ्यांना घरं बांधून देणारा माणूस गुरूच्या घरात राहिला, ही गोष्ट मला त्यांच्या कुठल्याही लेखापेक्षा अधिक बोलकी वाटते.

१९५२ मध्ये ते मोरोक्कोला गेले. नवं काही सापडेल म्हणून गेलो, पण जे सापडलं ते ओळखीचंच निघालं, अशा अर्थाचं त्यांनी परतल्यावर लिहिलं. मातीची घरं, सपाट धाबी, आत चौक, एकच भिंत कधी कुंपण तर कधी पाठ टेकायची जागा. युरोपातले आधुनिकतावादी जे सूत्र म्हणून मांडत होते, ते तिथे कुणीही न मांडता शतकानुशतकं वापरात होतं. पाठोपाठ १९५३-५४ चा काळ पॅरिसात गेला. तिथे ते ज्याँ प्रुवे यांच्याकडे राहिले. प्रुवे मुळात लोहार. पत्रा कुठे वाकवायचा, किती वाकवायचा आणि कुठे सोडून द्यायचा, हे हाताला कळलेला माणूस. त्याच सुमारास पॅरिसमध्ये ल कोर्बुझिए यांच्या कार्यालयात पुण्याचे बाळकृष्ण दोशी राबत होते; त्यांना हाच प्रित्झकर २०१८ साली मिळाला. फेन यांचीही कोर्बुझिएंकडे ये-जा होती. पण माझं मत असं की त्यांना घडवलं प्रुवेंनी. कोर्बुझिएंची छाप पडलेले लोक जगात ढिगाने आहेत; एका वस्तूचा भार दुसरीवर कसा ठेवावा हे ज्याला हातांनी शिकायला मिळालं, असे थोडे.

परतल्यावर गेइर ग्रुंग यांच्या भागीदारीत ओस्लोच्या ओकेर्न भागात वृद्धांसाठी एकमजली निवास झालं. १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनात नॉर्वेचा मंडप उभारायचं काम आलं. प्रदर्शन संपलं, मंडप उतरवला गेला. मात्र त्याच वर्षी फेन यांनी एक स्पर्धा जिंकली आणि वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांच्या नावावर अशी इमारत लागली की पुढे काहीही केलं नसतं तरी चाललं असतं. व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनातला नॉर्डिक मंडप, १९६२.

इथे जरा थांबू या, कारण ही इमारत बघण्यापेक्षा समजून घेण्यात मजा आहे.

स्वीडन, फिनलंड आणि नॉर्वे यांनी मिळून एक मंडप बांधायचा होता. प्रत्येक देशाने एकेक वास्तुविशारद सुचवला आणि तिघांमधून फेन निवडले गेले. जागा बागेतली आणि तिथे मोठाली झाडं. झाडं तोडायची नाहीत ही अट. दुसरी अडचण कुणी लिहून दिलेली नव्हती, ती फेन यांना दिसली. उत्तरेकडची चित्रं उत्तरेच्या उजेडात काढलेली असतात. तो उजेड मवाळ असतो, सगळीकडून येतो, त्यात सावली धड पडत नाही. व्हेनिसचं ऊन म्हणजे दक्षिणेचं कडक ऊन. चित्रं त्यात लावली तर ती आंधळी होणार. दिवे लावायचे तर बाहेर लख्ख ऊन असताना दिवे लावण्याची नामुष्की.

त्यांनी काय केलं? छत म्हणून काँक्रीटच्या पातळ बीमांचे दोन थर घातले, एकावर एक, परस्परांना काटकोनात. प्रत्येक बीम एक मीटर उंच आणि जाडी अवघी सहा सेंटीमीटर. दोन बीमांमधलं अंतर अर्ध्या मीटरहून जरासं जास्त. आता हिशेब करा. उंची एक मीटर, फट अर्ध्या मीटरची, आणि तसे दोन थर आडवे-उभे. उन्हाळ्याच्या भर दुपारीसुद्धा व्हेनिसमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर येत नाही. त्यामुळे त्याचा किरण बहुतेक वेळा कुठे तरी बीमाच्या अंगावर आपटतो. सरळ खाली क्वचितच येतो. आपटलेला उजेड पांढऱ्या पृष्ठभागांवरून परतत परतत खाली झिरपतो. काँक्रीटसुद्धा त्यासाठीच पांढऱ्या सिमेंटचं, पांढऱ्या वाळूचं, त्यात संगमरवराचा चुरा. पावसासाठी बीमांच्या वर अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या पन्हाळी. एवढंच. ऊन गाळून घेणारी ही चाळणी आणि खाली सुमारे चारशे चौरस मीटरचा एक मोकळा दालनवजा भाग. मध्ये एकही खांब नाही. दोन बाजूंना भिंत नाही, सरकत्या काचा आहेत. त्या सारल्या की बाग आत येते.

आणि झाडं? ती छतातून वर गेली. जिथे झाड आलं तिथे त्या चाळणीतले बीम तेवढ्यापुरते थांबवले. सगळ्यांचा भार घेणारा मोठा बीम एका कोपऱ्यात नेमका थोराड झाडासमोर आला, तर फेन यांनी तो टोकाला दुभागला. झाडाला मध्ये घेऊन तो दोन्ही अंगांनी पुढे जातो. छायाचित्रांत हा कोपरा बऱ्याचदा दिसतो. लोक म्हणतात, किती हळवेपणा निसर्गाविषयी! मला तसं वाटत नाही. बीमाने झाडाची नक्कल केलेली नाही, झाडाला खांब म्हणून राबवलेलं नाही, त्याला टेकूनही तो उभा नाही. दोघांमध्ये हवा आहे. फेन निसर्गाविषयी हळवे नव्हतेच. बांधणं म्हणजे जमिनीवर केलेला हल्ला असतो, हे ते स्पष्ट बोलत. हल्ला करायचा तर तो मान्य करून नीट करावा, त्यावर वेली चढवून लपवू नये, ही त्यांची रीत.

व्हेनिसनंतर कामांची रांग लागायला हवी होती. लागली नाही. श्राइनर कुटुंबाचं ओस्लोतलं घर १९६३ चं. स्वीडनमधल्या नॉरशोपिंगचं अधिक-चिन्हाच्या आकाराचं घर १९६४ चं, ज्यात सेवेच्या खोल्या सगळ्या मधोमध आणि राहायच्या खोल्या चारी दिशांना. ही घरं विद्यार्थ्यांनी आराखडे समोर ठेवून पाहावीत. व्याख्यानात त्यांची गंमत पोचत नाही. पुढची कितीतरी वर्षं फेन यांनी स्पर्धांसाठी रेखाटनं केली आणि ती कागदावर राहिली. स्टॉकहोमच्या वासा जहाजाच्या संग्रहालयाची प्रवेशिका, रोरोसच्या तांब्याच्या खाणींचं संग्रहालय, समुद्राकाठचं कलादालन. म्हातारपणीही तेच, कोपनहेगनच्या रॉयल थिएटरच्या विस्ताराची स्पर्धा त्यांनी १९९६ मध्ये जिंकली आणि ते बांधलं गेलंच नाही.

पण या कोरड्या काळातच एक काम हाती होतं, आणि ते मी व्हेनिसच्याही वर ठेवतो. हामार गावचं हेडमार्क संग्रहालय.

हामार हे म्योसा सरोवराकाठचं गाव. बाराव्या शतकाच्या मध्यापासून तिथे बिशपची गादी. बिशपचा तटबंदीचा वाडा होता, तो १५६७ साली स्वीडिश फौजेने उद्ध्वस्त केला. पुढे कुणा शेतकऱ्याला त्या पडक्या भिंतींत सोयीचं जोतं दिसलं आणि अठराव्या शतकात तिथे भलंथोरलं धान्याचं कोठार उभं राहिलं, तीन बाजूंनी चौकाला वेढणारं. म्हणजे खाली मध्ययुग, वर शेती, आणि आसपास उत्खनन चालू. १९६७ मध्ये फेन यांच्याकडे हे काम आलं आणि १९७९ पर्यंत चाललं. बारा वर्षं. या बारा वर्षांचं श्रेय ज्यांनी घाई केली नाही त्या स्थानिक संग्रहालयवाल्यांनाही जातं.

अशा जागी साधारण दोन वाटा असतात. एक, सगळं पूर्वी होतं तसं पुन्हा बांधून काढायचं, म्हणजे पाहणाऱ्याला जुनं कुठलं नि कालचं कुठलं तेच कळू नये. दुसरी, कुंपण घालून पाटी लावायची. फेन यांनी चौकातून काँक्रीटचा एक उतरता-चढता पूल सुरू केला. तो अवशेषांच्या वरून वळण घेतो, इमारतीत शिरतो आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेतो. तुम्ही त्यावरून चालता. खाली खणलेली जमीन, दगडी भिंतींची बुडं, बाजूला पडके दगड. पूल त्यांना शिवत नाही. मोजक्या ठिकाणी, जिथे खाली टेकायला जागा आहे तिथे, तो पाय ठेवतो. कोठाराचं छप्पर नव्याने घातलं ते लाकडाच्या थरांच्या तुळयांचं, आणि त्या तुळयांना आधार नव्या खांबांचा. जुन्या भिंतीच्या डोक्यावर तो भार लादलेला नाही.

खिडक्यांचं काम तर निव्वळ पाहण्यासारखं. भिंतीला भगदाडं होती, वेडीवाकडी, दगड निखळलेली. कुणीही सुतार बोलावला असता, चौकट ठोकली असती आणि भोवती सिमेंट भरून काटकोन केला असता. फेन यांनी भगदाडाहून मोठी एकसंध काच घेतली आणि ती बाहेरून भिंतीवर बसवली, चौकटीशिवाय. आतून पाहिलं तर भगदाडाची कड जशीच्या तशी दिसते. वारा-पाऊस अडतो, आणि भिंत फुटलेली आहे हे सत्य कुणी दुरुस्त करत नाही.

आत वस्तू आहेत: शेतीची अवजारं, घरातली भांडी, जमिनीतून निघालेले तुकडे. राजेरजवाड्यांचा खजिना नव्हे. फेन यांनी जवळजवळ प्रत्येक वस्तूसाठी वेगळी बैठक रेखाटली. कुठे जाड पोलादी पट्टी कापून तिला नेमकी तेवढीच खाच, कुठे काँक्रीटचा ठोकळा, कुठे काच. एखादं अवजार ज्या हातात असायचं त्या हाताच्या उंचीवर येतं. प्रुवेंकडे शिकलेलं इथे फळाला आलं. ते लोखंड अवजाराचं नातेवाईक असल्याचा आव आणत नाही. धरायचं तेवढं धरतं. त्यामुळे शेतकऱ्याच्या घरातलं रोजचं भांडंही पाहणाऱ्याला थांबवतं. भूतकाळाच्या मागे धावलात तर तो हाती लागत नाही, आजचं ठामपणे मांडलंत तरच तो बोलू लागतो, असं फेन यांचं म्हणणं होतं. हे वाक्य इतक्या जणांनी उचललं आहे की ते गुळगुळीत झालंय. हामारला मात्र ते पोलादात आणि काचेत आहे. इटलीत कार्लो स्कार्पा यांनी व्हेरोनाच्या कास्टेलव्हेक्किओमध्ये असंच नवं-जुनं शेजारी ठेवलं होतं. स्कार्पा नाजूक जवाहिऱ्यासारखे, प्रत्येक सांध्यावर प्रेम करणारे. फेन यांचा हात अधिक राकट. मला तो राकटपणा आवडतो, कारण खाली शेतकऱ्याचं कोठार आहे.

सगळंच असं जमलं नाही. १९९१ चं फ्यारलांडचं हिमनदी संग्रहालय पाहा. युरोपच्या मुख्य भूमीवरची सर्वांत मोठी हिमनदी, यॉस्टेडाल्सब्रेन, तिच्या पायथ्याशी, दोन्हीकडे उंच डोंगर आणि मध्ये सपाट पट्टी. फेन यांनी तिथे काँक्रीटचा लांबट ठोकळा ठेवला, प्रवेशाच्या दोन्ही अंगांना छतावर चढणाऱ्या पायऱ्या आणि तिरप्या काचा. देखणं आहे, पण इथे इमारत जरा जास्त बोलते. वर चढून डोंगर पाहायचा हे ठीक. त्यासाठी यज्ञवेदीवर चढल्याचा भास कशाला? व्हेनिसला आणि हामारला त्यांच्यासमोर काहीतरी अडवणारं होतं, झाड किंवा भिंत. फ्यारलांडला मोकळं मैदान होतं. अडवणारं नसलं की फेन थोडे अलंकारिक होतात, असं माझं निरीक्षण आहे. ओस्लोतलं शेवटचं काम या बाबतीत बोलकं आहे: १८३० सालची, क्रिस्तियन हाइनरिख ग्रोश यांची जुनी बँकेची इमारत वास्तुकला संग्रहालय म्हणून तयार करायची होती. शेजारी त्यांनी काचेचा एक मंडप उभारला, चार भक्कम खांबांवर पातळ काँक्रीटचं छत. ते २००८ मध्ये उघडलं. पुन्हा शेजारी जुनं होतं, आणि पुन्हा हात नेमका चालला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००९ मध्ये, ते गेले.

आता प्रभावाविषयी. इतक्या थोड्या इमारती बांधणाऱ्याचा प्रभाव इमारतींतून पसरत नाही. तो वर्गातून पसरतो. १९७१ पासून वीसहून अधिक वर्षं फेन ओस्लोच्या त्याच शाळेत शिकवत होते. त्या शाळेतून निघालेल्यांचं काम पाहिलं की धागा दिसतो. कार्ल-विगो होल्मेबाक यांनी सोल्बर्ग या चित्रकाराच्या नावाच्या ठिकाणी सरोवर पाहायला काँक्रीटचा सज्जा केला, तर तो पाइनच्या झाडांमधून नागमोडी जातो. यान ओलाव येन्सेन आणि बोर्रे स्कोडविन यांनी २००२ मध्ये ओस्लोच्या मोर्टेन्सरूडला चर्च बांधलं. तिथला खडक त्यांनी सुरुंग लावून सपाट केला नाही; चर्चच्या फरशीतून तो डोकं वर काढून आहे, लोक त्याच्या शेजारी बाकांवर बसून प्रार्थना करतात. भिंतीत दगड चुना-सिमेंटशिवाय रचलेले, फटींतून उजेड.

आणि आता तो धागा इथे, आपल्या जिल्ह्यात येतो. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याजवळ, लासूर गावाच्या परिसरात कुष्ठरुग्णांसाठी एक रुग्णालय आहे. एका नॉर्वेजियन मिशनसाठी ते बांधलं गेलं, १९८५ साली पूर्ण झालं. वास्तुविशारद दोन: पेर क्रिस्टोफर्सेन आणि हेच यान ओलाव येन्सेन. येन्सेन तेव्हा पंचविशीत होते; फेन प्राध्यापक असताना त्यांच्याच शाळेत शिकलेले. १९९८ साली या रुग्णालयाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. जळगावात कितीजणांना हे ठाऊक आहे, ते हात वर करायला सांगून मी तुम्हाला अडचणीत आणत नाही.

फेन यांच्या विरोधात नेहमी एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. एकेका भांड्यासाठी वेगळी पोलादी बैठक, बारा वर्षं चालणारं काम, सहा सेंटीमीटर जाडीचा बीम ओतणारे कारागीर. हे श्रीमंत देशाचे चोचले आहेत, आपल्याला काय त्याचं? लासूरला पैसा तुटपुंजा होता. सिमेंट-लोखंड बेताने वापरायचं, जवळ मिळणारा दगड आणि वीट घ्यायची, हाताशी आहेत त्या गवंड्यांकडून करून घ्यायचं. त्या दोघा वास्तुविशारदांनी कमानदार छतं घातली. बाहेरच्या रखरखीत माळाकडे भिंतीची पाठ केली आणि आत बंदिस्त चौक ठेवून तिथे बाग केली. खोल्या त्या बागेकडे तोंड करून. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढलं त्यांना घराच्या मधोमध हिरवं अंगण मिळालं. पत्र्याची शेड ठोकून मोकळं होणं किती सोपं होतं!

फेन यांनी कमानदार छतं क्वचित कधी केली असतील. लासूरमध्ये पांढरं काँक्रीट नाही, चौकटीविना काच नाही, पोलादी पट्टी नाही. फेन यांच्या इमारतींतलं एकही रूप तिथे उचललेलं नाही. तिथे आधीपासून काय होतं, ऊन कसं होतं, दगड कुठला होता, माणसं कशाला मुकली होती, हे विचारून बांधलेलं आहे. गुरूचं वळण अक्षरात कुठेच नाही आणि तरी मी याला प्रभाव म्हणतो. वास्तुकलेच्या इतिहासकारांना हे पुराव्याला धरून वाटणार नाही. सभागृहात तसे दोघे-तिघे बसलेले मला दिसतात. त्यांनी प्रश्नोत्तरांत मला धरावं.